तेवीस वर्षांचं कुलूप: मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचं प्रकरण

"ऑपेरा हाऊस, ऑपेरा हाऊस! उतरा, चला!" कंडक्टर घंटीची दोरी ओढून ओरडायचा आणि अर्धी बस रिकामी व्हायची. कुणी हिऱ्याच्या बाजारात निघालेलं असे, कुणी लॅमिंग्टन रोडला रेडिओचे सुटे भाग आणायला, कुणी पोराबाळांना घेऊन चौपाटीवर. ज्या इमारतीवरून त्या स्टॉपला नाव पडलं, तिच्याकडे मात्र कुणी मान वर करून बघत नसे. दाराला कुलूप होतं. सज्जावर धूळ साचली होती आणि कुठल्याशा भेगेतून एक झुडूप चांगलं हातभर वाढलेलं होतं. मी बाबांना विचारलं होतं, "आत काय आहे?" ते म्हणाले, "होतं. आता बंद आहे."

१९९३ ते २०१६ अशी तेवीस वर्षं हे थिएटर बंद होतं. तरी मुंबईकराच्या तोंडातून त्याचं नाव एक दिवसही गेलं नाही. बसच्या पाटीवर ते होतं, टॅक्सीवाल्याच्या तोंडी होतं, हिऱ्याच्या पेढ्यांच्या पत्त्यात होतं. अशाच कुलपांमागे पडलेली शेकडो थिएटरं आपल्या राज्यात आहेत. त्यातलं हे एक पुन्हा उघडलं, आणि ते कसं उघडलं हे नीट मांडून ठेवावं असं मला फार दिवस वाटत होतं. या साऱ्या प्रकरणात मला एक प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. जुनी वास्तू परत आणायची, म्हणजे तिच्या नेमक्या कुठल्या वयाला परत न्यायची?

कोळशाचा दलाल आणि नाटकं फिरवणारा साहेब

१९०८ च्या सुमारास दोन माणसं एकत्र आली. एक मॉरिस बँडमन. कलकत्त्यात बस्तान असलेला हा नाट्यव्यवसायी आपल्या मंडळ्या जिब्राल्टरपासून जपानपर्यंत आगबोटीने फिरवायचा. दुसरे जहांगीर फ्रामजी कराका, कोळशाच्या दलालीच्या पेढीचे पारशी मालक. एकाकडे नट आणि खेळ, दुसऱ्याकडे भांडवल. बँडमनला पूर्वेकडच्या फेरीत मुंबईचा मुक्काम हक्काचा हवा होता, आणि दुसऱ्याच्या थिएटरचं भाडं भरण्यापेक्षा आपलं बांधावं हा साधा धंद्याचा हिशेब त्यामागे होता.

मुंबईत तेव्हा नाटकगृहांना तोटा नव्हता. १८४६ मध्ये जगन्नाथ शंकरशेट यांच्या जागेवर ग्रँट रोडला थिएटर उभं राहिलं होतं. १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीहून येऊन तिथेच खेळ केले. पुढे त्या परिसरात इतकी थिएटरं झाली की 'प्लेहाउस'चं लोकांच्या जिभेवर 'पिला हाऊस' झालं, आणि ते नाव आजही आहे. कोटात, म्हणजे आजच्या फोर्टात, बोरीबंदरजवळ गेयटी आणि नॉव्हेल्टी होती. बँडमन आणि कराका यांनी यातली कुठलीच पेठ निवडली नाही. त्यांनी चर्नी रोड स्टेशनजवळची, केनेडी ब्रिजच्या पायथ्याची जागा घेतली. एका बाजूला मलबार हिलचे बंगले, दुसऱ्या बाजूला गिरगावच्या चाळी, आणि चौपाटी पाच मिनिटांवर. ही निवड फार हुशारीची होती असं मला वाटतं, कारण थिएटर पुढे जगलं ते बंगल्यांपेक्षा चाळींच्या जिवावर.

पायाभरणी १९०९ ची. १९११ मध्ये दिल्ली दरबारासाठी पंचम जॉर्ज हिंदुस्थानात आला, तेव्हा त्याच्या हस्ते उद्घाटन झालं. 'रॉयल' हे बिरूद त्यातून चिकटलं. इमारत तेव्हा पुरी झालेली नव्हती. मुख्य काम १९१२ मध्ये संपलं आणि किरकोळ भर १९१५ पर्यंत पडत राहिली.

बांधणी बरोक धाटणीची, म्हणजे सरळ रेघेपेक्षा वळणाची हौस असलेली. आत घोड्याच्या नालेच्या आकाराचं प्रेक्षागृह, तीन मजली. खाली स्टॉल, वर ड्रेस सर्कल, त्याच्यावर गॅलरी. रंगमंचाच्या दोन्ही अंगांना मानकऱ्यांच्या बॉक्स, म्हणजे बसायचे छोटे वेगळे कक्ष. छताच्या घुमटाचे आठ भाग पाडून त्यांवर कवी, नाटककार आणि कादंबरीकारांना मानवंदना दिलेली. प्रवेशदालनात डेव्हिड ससून यांच्या घराण्याने दिलेली स्फटिकाची झुंबरं. ही झुंबरं आधी ससूनांच्या भायखळ्याच्या 'सान्स सुसी' हवेलीत लटकत होती आणि हवेलीचंच नाव त्यांना मिळालं.

आणि ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य धाटणीचं गायननाट्य? तो इथे अगदी थोडा झाला. बँडमनच्या मंडळ्या मुख्यतः हलक्याफुलक्या संगीतिका करत. लंडनमध्ये गाजलेलं काही महिन्यांत मुंबईत, असा त्यांचा धंदा होता. अस्सल ऑपेरासाठी लागणारा लवाजमा आगबोटीने फिरवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. १९२२ मध्ये बँडमन वारला आणि तो सगळा फिरता व्यवसाय विस्कटत गेला.

नाव परक्याचं, गाणं आपलं

या थिएटरविषयी लिहिणारे बहुतेक जण पंचम जॉर्ज आणि झुंबरांपाशी थांबतात. मला त्याचं वाईट वाटतं. कारण या रंगमंचावर बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले, बापूराव पेंढारकर, पटवर्धनबुवा, ज्योत्स्ना भोळे गायल्या. लता मंगेशकरांचा आवाज इथे उमटला. कृष्णा मास्तरांसारखे गायक-नट इथे उभे राहिले. केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये काढलेली ललितकलादर्श ही नाटक मंडळी १९२१ मध्ये त्यांच्या निधनानंतर बापूरावांनी सांभाळली. गंधर्व नाटक मंडळी १९१३ ची, बळवंत संगीत मंडळी १९१८ ची. म्हणजे ऑपेरा हाऊस तरुण होतं तेव्हा संगीत रंगभूमीही ऐन बहरात होती. दोघांचं वय जुळलं होतं.

आणि दोघांची गरजही जुळली होती. ही गोष्ट जरा थांबून सांगायला हवी.

मायक्रोफोन नव्हता. गॅलरीत शेवटच्या बाकावर बसलेल्या गिरणीतल्या माणसाला नायिकेची हरकत ऐकू आली नाही, तर तो पैसे परत मागणार. आवाज पोचवायचं काम गायकाच्या गळ्यावर आणि इमारतीच्या अंगावर. घुमटाचा उतार, सज्जांचे वक्र कठडे, त्यांवरची उठावाची नक्षी, लाकडी फरशी, चुन्याचा गिलावा, या सगळ्यांचा एकत्र परिणाम म्हणजे ध्वनी. नक्षी निव्वळ शोभेची नसते. सपाट भिंतीवरून आवाज आरशासारखा उलटतो आणि पडसाद पडतो. नक्षीच्या खाचाखोचांवरून तो विखुरतो आणि सगळीकडे सारखा मुरतो. घुमणं किती, यालाही माप आहे. नुसत्या बोलण्याला साधारण १ सेकंद पुरतो, मोठ्या वाद्यवृंदाला २ सेकंदांच्या आसपास लागतो, आणि गाणं व बोलणं दोन्ही स्पष्ट हवं असेल तर या दोघांच्या मधलं काहीतरी. आपल्या संगीत नाटकाला हेच मधलं माप हवं असतं. गद्य संवाद चालू असताना शब्द घोटाळता कामा नये, आणि पद सुरू झालं की सुराला पाठीमागून हलका हात मिळायला हवा. गंधर्व मंडळीच्या साथीला थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी असे. सारंगीसारखं घरगुती आवाजाचं वाद्य शेकडो माणसांपर्यंत विनामाईक पोचवायचं, तर वास्तूनेच साथसंगत करायला हवी.

परिसरही तसाच सुरेल. फ्रेंच ब्रिजच्या कोपऱ्यावर, मोदी चेंबर्समध्ये देवधर मास्तरांचं संगीत विद्यालय, जिथे कुमार गंधर्व शिकले. केनेडी ब्रिजपलीकडे काँग्रेस हाऊसची वस्ती, ठुमरी-दादरा गाणाऱ्यांची आणि सारंगिये-तबलजींची. लक्ष्मीबागेतल्या बैठका. पंधरा मिनिटांच्या पायपिटीत इतकं गाणं मुंबईत दुसरीकडे कुठे होतं, मला ठाऊक नाही. विलायती नावाचं हे थिएटर या सगळ्याच्या मधोमध उभं होतं.

पडद्याने पडदा खाल्ला

सिनेमा इथे लवकर आला. १९१७ मध्येच नाटकासोबत चित्रपट दाखवण्याची सोय झाली. १९२५ मध्ये पाथे कंपनीने जागा भाड्याने घेतली. १९३५ मध्ये आयडियल पिक्चर्सने थिएटर घेऊन त्याचं रीतसर सिनेमागृह केलं.

हे नुसतं मालक बदलणं नव्हतं, वास्तूचा धर्मच बदलणं होतं. नाटकाला खोल रंगमंच लागतो, विंगा लागतात, वर पडदे ओढून घ्यायला उंची लागते. सिनेमाला लागते एक पांढरी चादर आणि समोरून अडथळा नसलेली नजर. बाजूच्या बॉक्समधून रंगमंच छान दिसतो, पण सिनेमाचा पडदा तिरका आणि अर्धाच दिसतो. म्हणून बॉक्स गेल्या. आवाज आता लाऊडस्पीकरमधून येणार, तेव्हा जितकं कमी घुमेल तितकं बरं. आर्ट डेको ही त्या काळची बांधणी-सजावटीतली नवी लाट होती, आणि जुन्या वळणदार नक्षीवर तिची सरळ रेघ चढली.

मात्र नाटक पूर्ण हद्दपार झालं नाही. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ मध्ये पृथ्वी थिएटर्स काढलं. त्यांना मुंबईत हक्काचं घर नव्हतं, तेव्हा ऑपेरा हाऊस हेच त्यांचं घर झालं. 'दीवार', 'पठाण' हे खेळ इथे व्हायचे, तेही सकाळी, कारण दुपारनंतर जागा सिनेमाची. प्रयोग संपला की घामेजलेले पृथ्वीराज दाराशी झोळी पसरून मान खाली घालून उभे राहत, आणि बाहेर पडणारे प्रेक्षक गरजूंच्या मदतीसाठी तीत नाणी टाकत. या वास्तूच्या आयुष्यातल्या सगळ्या दृश्यांत मला हे सर्वात मोलाचं वाटतं. राजाने फीत कापल्याचं त्याच्यापुढे काहीच नाही.

१९५२ मध्ये सौराष्ट्रातल्या गोंडलच्या राजघराण्याने थिएटर विकत घेतलं. गोंडलचे भगवतसिंहजी हे एडिंबरोला वैद्यक शिकलेले आणि 'भगवद्गोमंडल' हा गुजराती भाषेचा महाकोश सिद्ध करवून घेणारे राजे. पुढे जे घडलं त्यात या घराण्याचं वळण दिसतं, म्हणून हे सांगितलं.

कुलूप

१९८२ ला टीव्ही रंगीत झाला, मग गल्लोगल्ली व्हिडिओ आले, १९९१-९२ ला केबल. एकपडदा थिएटरांचा गल्ला आटला, करमणूक कराचा बोजा मात्र तसाच. जुन्या इमारतीची डागडुजी तिकिटातून निघेना. १९९३ मध्ये दार बंद झालं.

त्यानंतरची गोष्ट मला या प्रकरणाचा कणा वाटते, कारण त्या काळात 'काही झालं नाही'. आणि काही न होणं हेच फार मोठं होतं. बाहेर हिऱ्याच्या पेढ्यांची पंचरत्न इमारत उभी होती. दीड-दोन खणांच्या खोलीत कोट्यवधींचे हिरे हातोहात फिरत. अशा पेठेत मोक्याच्या नाक्यावरचा एवढा भूखंड रिकामा ठेवणं म्हणजे रोज पैसा गमावणं. मोडून टॉवर बांधण्याचा मोह कुणालाही झाला असता. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली आली, देशातली अशी पहिली. त्यामुळे यादीतली वास्तू पाडणं अवघड झालं. पण नियमावली पाडण्यापासून वाचवते, पडण्यापासून वाचवत नाही. वारसा यादीत नाव असलेल्या कितीतरी इमारती मालकांनी 'आपोआप' कोसळू दिल्या आहेत. गोंडलकरांनी ते केलं नाही. त्यांनी विकलं नाही, तोडलं नाही, आणि योग्य माणूस व योग्य वेळ येईपर्यंत धरून ठेवलं.

एवढं श्रेय देऊनही मी म्हणेन की तेवीस वर्षं फार झाली. बंद इमारत जशीच्या तशी राहत नाही. मुंबईत वर्षाला दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. छपराची एक कौलभर जागा निखळली तरी पाणी लाकडात उतरतं, गर्डरला लागतं. लोखंड गंजलं की फुगतं. मूळच्या कितीतरी पट जागा त्या गंजाला लागते आणि भोवतीचा गिलावा, वीट, दगड तो आतून फोडतो. बाहेरून भिंत धडधाकट दिसते, हात लावला की पोपडा तळहाताएवढा सुटून येतो.

हे मी आमच्या चाळीत पाहिलेलं आहे. चुन्यात बांधलेली शंभर वर्षांची भिंत. दुरुस्तीला आलेल्या ठेकेदाराने स्वस्तात आणि झटपट म्हणून वर सिमेंटचा गिलावा चढवला. पहिल्या पावसाळ्यात छान दिसला. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला फोड आले, वरवंट्याने ठोकलं तर पोकळ आवाज येई. चुना श्वास घेतो, आत शिरलेली ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याने ते सगळं छिन्नीने काढलं, आठवडाभर चुना भिजवला, आणि गूळ-बेलफळाच्या पाण्यात मळून हाताने थापला. ती भिंत आजही कोरडी आहे. तेव्हापासून कुठल्याही जुन्या वास्तूच्या 'नूतनीकरणा'ची बातमी वाचली की मी आधी शोधतो, चुना वापरला की सिमेंट.

परांची चढली

२०१० च्या सुमारास काम सुरू झालं. गोंडलचे ज्योतेंद्रसिंहजी आणि कुमुदकुमारी यांनी ते संवर्धन-वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे सोपवलं. लांबा यांचं नाव मुंबईला ओळखीचं होतं. विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचं संवर्धन त्यांनी केलं होतं. २०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या जगभरच्या वारशासाठी झटणाऱ्या संस्थेने धोक्यातल्या जागतिक वास्तूंच्या आपल्या यादीत ऑपेरा हाऊसचं नाव घातलं. त्याने पैसा आला असं नाही, पण लोकांचं लक्ष आलं. घरच्यांना जे डोळ्यांसमोर असून दिसत नव्हतं ते परक्यांनी दाखवलं.

क्रम महत्त्वाचा होता. आधी हाडं, मग कातडी, दागिने शेवटी. छप्पर आणि सज्जे सावरल्याशिवाय सोन्याच्या वर्खाला हात लावण्यात अर्थ नव्हता. वरच्या गॅलरीचं वजन पेलणारी सामग्री कमकुवत झाली होती, तिला आधार द्यावा लागला. मग दर्शनी भाग, आणि त्यानंतर आतलं नाजूक काम.

आणि इथे तो प्रश्न आला. १९११ कडे जायचं, की १९३५ कडे?

दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं आहे. सिनेमागृह म्हणून ही वास्तू नाटकगृहापेक्षा दुपटीने जास्त वर्षं जगली. मुंबईच्या आठवणीतलं ऑपेरा हाऊस म्हणजे सिनेमाचं. आर्ट डेको हा तर या शहराचा दुसरा दागिना. वास्तूवर काळाने जे थर चढवले ते तिचंच आयुष्य, ते खरवडून काढणं म्हणजे इतिहास निवडून ठेवणं, असं मानणारे संवर्धक पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही.

लांबा यांनी १९११ कडे जायचं ठरवलं. जुन्या छायाचित्रांच्या आणि इमारतीतच सापडलेल्या खुणांच्या आधाराने नाहीशा झालेल्या बॉक्स पुन्हा उभ्या केल्या, घुमटाची चित्रं आणि उठाव मोकळे केले, प्रवेशदालनातली रंगीत काच, संगमरवर आणि झुंबरं पूर्ववत केली. अशा कामात रंगाचा थर नखाएवढ्या जागेत एकेक करून सोलतात. वर ऑइल पेंट, खाली डिस्टेंपर, त्याखाली आणखी काही, आणि तळाशी शंभर वर्षांपूर्वीची पहिली छटा. छायाचित्र आकार सांगतं, रंग सांगत नाही. तो भिंतीकडूनच विचारून घ्यावा लागतो.

मला हा निर्णय पटतो, आणि त्याचं कारण ध्वनी. बॉक्स, वक्र कठडे, नक्षी आणि घुमट परत आले तरच हे घर पुन्हा विनामाईक गाण्याचं होणार होतं. सिनेमाचा थर ठेवला असता तर एक सुंदर जुनं सिनेमागृह मिळालं असतं. सिनेमा मात्र आता त्या मार्गाने चालत नाही, म्हणजे पुन्हा कुलूपच. वास्तू वापरात राहिली तरच टिकते, आणि हिला वापरात ठेवणारी गोष्ट तिच्या पहिल्या बांधणीतच होती.

तरी एक हळहळ उरते. सिनेमाच्या पन्नासहून जास्त वर्षांची आत फारशी खूण दिसत नाही. दालनाच्या एका कोपऱ्यात जुना प्रोजेक्टर, तिकिटाचे रंगीत अर्धुक, पृथ्वीराजांच्या झोळीविषयी चार मराठी ओळी, एवढं असायला हवं होतं.

एक अवघड काम प्रेक्षकाला कधी दिसत नाही आणि दिसू नये यातच त्याचं यश आहे. १९११ च्या इमारतीत वातानुकूलन नव्हतं, आगीची सूचना देणारी यंत्रणा नव्हती, आजच्या दिव्यांचा भार नव्हता. हे सगळं नक्षीला न दुखावता आत बसवायचं. थंड हवेचा झोत जोरात सोडला तर त्याची घरघर तानेच्या बारीक कणांना गिळते. हवा आणायची, पण तिला बोलू द्यायचं नाही.

घंटा

२० ऑक्टोबर २०१६ ला मामि या मुंबईच्या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाने दार उघडलं. लगेच दुसऱ्या दिवशी सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या गायिका, पॅट्रिशिया रोझारिओ गायल्या. जन्म मुंबईचा, घराणं गोव्याचं, कारकीर्द इंग्लंडमधली. गोवेकरांचं आणि पाश्चात्त्य संगीताचं नातं चर्चमधल्या गायनापासून हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदापर्यंत पसरलेलं आहे, तेव्हा या रंगमंचावर पहिला सूर एका गोवेकर घरातल्या बाईने लावावा हे मला अतिशय योग्य वाटलं. २०१७ मध्ये चिमारोझा या संगीतकाराचा इटालियन ऑपेरा साग्रसंगीत उभा राहिला आणि इमारतीचं नाव खरं झालं. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारांत तिला 'अवॉर्ड ऑफ मेरिट' मिळालं.

आसनं आता ५७५. यातच पुढची अडचण आहे. एवढ्या आसनांवर अशी वास्तू चालवायची, तर तिकीट महाग होतं किंवा प्रायोजक लागतो. मराठी व्यावसायिक नाटकाचं गणित दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी रंगायतन अशा मोठ्या आणि परवडणाऱ्या नाट्यगृहांवर बसलेलं आहे. शिवाय प्रेक्षक. गॅलरीत बसून वन्समोअर मागणारा गिरगावकर आता डोंबिवलीला, विरारला, बदलापूरला राहतो. रात्री साडेअकराला नाटक सुटल्यावर त्याने चर्नी रोडहून घर कसं गाठायचं? वास्तू तिथेच राहिली आणि तिची माणसं लोकलच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत विखुरली. चुना आणि वर्ख वापरून हे दुरुस्त होत नाही. पण महिन्यातून एक रविवार, दुपारचा प्रयोग, संगीत नाटक, माईकशिवाय, आणि गॅलरीचं तिकीट परवडेल असं, एवढं ठरवलं तर लोक येतील. मी बदलापूरच्या गाडीने येणाऱ्यांना ओळखतो. ते येतील.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर, म्हणजे ऑपेरा हाऊसचं जवळजवळ समवयस्क. ९ ऑगस्टला केशवरावांची जयंती होती. आदल्या रात्री लोक रस्त्यावर उभं राहून रडले. तिथे तर जुन्याला जपावं एवढंही आगीने आत शिल्लक ठेवलं नाही. तरी प्रश्न तोच. कुठल्या सालातलं नाट्यगृह परत हवं? माझं उत्तर मुंबईच्या अनुभवावरून तेच आहे: जिथे गळा आणि भिंत एकमेकांना ओळखत होते, तिथपर्यंत मागे जा.

उघडल्यावर दुसऱ्या वर्षी मी बाबांना घेऊन गेलो. त्यांना गुडघ्याचा त्रास, तरी म्हणाले, गॅलरीतच बसायचं. तरुणपणी त्यांना तेवढंच परवडायचं. जिना चढून वर आलो, ते कठड्याला धरून उभे राहिले. घुमटाकडे बघितलं, बॉक्सकडे बघितलं. "हे नव्हतं," म्हणाले. "हे आमच्या वेळी नव्हतं." मग खाली रंगमंचावर कुणीतरी सुरावट जुळवत होतं, एक व्हायोलिन, ते थांबून ऐकत राहिले. गज ओढताना होणारी खरखरसुद्धा वर पोचत होती.

जरा वेळाने ते मागे वळले आणि गॅलरीच्या पाठच्या भिंतीवर काहीतरी शोधू लागले. मी विचारलं, "काय बघताय?"

"अरे, इथूनच कुठूनतरी यायचा," ते म्हणाले, आणि डोक्याच्या वर हात धरून त्यांनी तो अंधारात पुढे नेला, पडद्याच्या दिशेने. "प्रकाशाचा पट्टा. त्यात विडीचा धूर तरंगायचा."